वरच्या सुराला खरखर

सोसायटीच्या दिवाळी पहाटेला आई गाणार, हे मी परस्पर ठरवलं आणि कमिटीला कळवूनही मोकळा झालो. आईला सांगितलं सगळ्यात शेवटी. तिने माझी चांगलीच खरडपट्टी काढली. पण दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना ती एक जुनं भावगीत गुणगुणत बसली, तेव्हा मी ओळखलं, स्वारी तयार आहे. मी शाळेत असताना आम्ही गिरगाव सोडून भाईंदरला, इंद्रलोकला आलो. तेव्हापासून ती चारचौघांत कधी गायलीच नव्हती.

साथीला मी, गिटारवर. मी बँकेत नोकरी करतो, गिटार हौसेने वाजवतो आणि माझ्या वाजवण्याला न शोभणारी एक वस्तू मी घरात आणून ठेवलीय: व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर. लोखंडी पेटीत काचेचे व्हॉल्व्ह ओळीने उभे, वरून जाळी. चालू केला की ते हळूहळू लालसर उजळतात. लोकांना मी त्याच्या आवाजाचं कौतुक सांगतो, पण खरं म्हणजे मी तो त्या उजेडासाठीच घेतला.

दसरा झाल्यावर सराव सुरू केला. आईचा माइकही मी त्याच पेटीला जोडला आणि तिथेच माशी शिंकली. आई वरच्या सुराला गेली की स्पीकरमधून खर्रर्र! कधी सलग चार ओळी खरखर, कधी तासभर गायब. मी मुद्दाम कान लावून बसलो की पठ्ठ्या एकदम गप्प.

"मशीन खरखरतंय गं, तुझं चालू दे," मी म्हणायचो.

"हो रे बाबा," म्हणून ती उठायची. मग तिचे गुडघे दुखायला लागले. मग घशात कफ झाला. शेवटी एका सकाळी म्हणाली, "कमिटीला सांगून टाक, मला नाही जमणार." मला मनापासून वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला, तो अर्थात पेटीचा.

पहिला संशय लिफ्टवर, तिच्या मोटरचा त्रास असेल म्हणून. तिच्यावर माझा जुना राग आहे. पण लिफ्ट बंद पडली त्या दुपारीही खरखर आली, तेव्हा तिला नाइलाजाने निर्दोष सोडावं लागलं. मग वायरी बदलल्या. मग तबल्याला येणारा मित्र मदतीला धावला. तो काशीगावचा, घरची पूर्वी भातशेती आणि मिठागरं. त्याने पेटी नुसती हुंगली आणि निकाल दिला.

"खारी हवा हाय ही. लोखंडाला सोडीत न्हाय, तुझ्या पेटीला काय सोडनार?"

इतक्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाला मी नेहमीच फशी पडतो. आणला गंज काढायचा फवारा, मारला सगळ्या खटक्यांवर. घरभर वास सुटला, खरखर जागच्या जागी.

मग मी आवाज वाढवून, पेन्सिलीच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टकटक करत गेलो. तिसऱ्यावर टिचकी बसताच, खर्रर्र! आम्ही दोघांनी टाळ्या दिल्या. माझ्याकडे होता तो नवा व्हॉल्व्ह बसवला. एक गाणं शांततेत गेलं, दुसऱ्याला पुन्हा तेच. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता, तो जिथे बसतो त्या जागेचा होता. तिथे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

प्लग काढून बराच वेळ थांबलो, कारण ही पेटी बंद केल्यावरही झटका राखून असते. मग व्हॉल्व्ह उपटला, आत टॉर्च मारला. सॉकेटच्या भोकांत लालसर काहीतरी साचलेलं.

"गंज! सांगत नव्हतो?" मित्राची छाती फुगली.

मी टूथपिकने खरवडलं. लाल भुकटीबरोबर एक अख्खा तांदूळ बाहेर आला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "दसरा," तो हळूच म्हणाला.

दसऱ्याला घरातलं जे जे राबतं, त्या सगळ्याला आई हळदकुंकू वाहते: विळी, शिलाई मशीन, माझी स्कूटर. यंदा या पेटीचाही नंबर लागला होता. फुलाने पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या आणि सगळं जाळीतून, काचेवरून ओघळत थेट गाभाऱ्यात पोचलं होतं.

जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन सॉकेट लख्ख केलं, वाळू दिलं, पेटी चालू केली. टिचक्या मारल्या, मित्राने माइकवर बोंब ठोकली. खरखर नाही.

"म्हातारीला सांगू नको," तो म्हणाला. "वाईट वाटंल तिला."

मलाही तेच वाटत होतं. पण चहा घेऊन ती दारातच उभी होती. "काय सापडलं रे?" तिने विचारलं. तिच्याशी खोटं बोलणं मला या वयातही जमत नाही. तो तांदूळ तळहातावर धरून मी सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभा राहिलो.

तिने तो दाणा चिमटीत उचलला.

"म्हणजे ती खरखर याची होती?"

"हो."

"माझ्या गळ्याची नाही?"

"अगं, पहिल्या दिवसापासून सांगतोय तुला!"

"मला वाटलं, माझं मन राखायला मशीनवर ढकलतोयस. म्हटलं, आवाज फाटला आपला, आता गप्प बसावं."

तिने चहाचा ट्रे मित्राच्या हातात दिला, पदर खोचला आणि माइकसमोर येऊन उभी राहिली. मी गिटार उचलेपर्यंतही ती थांबली नाही. मुखडा सोडून तिने सरळ वरच्या सुरातला अंतराच धरला.