आधी सारवण

हमीदाबाई तांबोळी यांची आणि माझी ओळख एका तुटक्या ‘व’वरून झाली. इंदापूरच्या आमच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. त्या चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या. शारदोत्सवासाठी त्यांनी सभागृहाच्या भिंतीवर ‘वाग्देवता’ हा शब्द छापाने उमटविला. छाप म्हणजे अक्षरांच्या आकाराची भोके कापलेला पत्रा. तो भिंतीवर धरायचा आणि वरून रंगाचा बोळा टिपायचा. शब्द देखणा उमटला होता, परंतु दोन्ही ‘व’ मध्येच तुटलेले होते. देवतेच्या नावात खंड नसावा, असे मी सुचविले. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, तेवढा सांधा सोडला नाही तर ‘व’चं पोटच गळून पडतं. मग देवता वाचता येत नाही.” त्यानंतर त्यांच्या अक्षरांना मी व्याकरण लावले नाही.

ही कला त्यांना वडिलांकडून लाभली. इंदापूरच्या बाजारपेठेत धान्याच्या पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावे उमटविण्यासाठी ते पत्र्याचे छाप कापून देत. काम संपले की छाप आधी धुवायचा, हात नंतर, हा त्यांचा दंडक होता. भोकांच्या कडांवर रंग वाळला की पुढचे अक्षर बिघडते. हमीदाबाई आजही प्रथम छाप धुतात. आता त्या गृहिणींचा जो वर्ग घेतात, त्यातील एखादी घाईने छाप न धुताच निघाली, तर तिला त्या रागावत नाहीत. तिच्या देखत तिचा छाप स्वतः धुऊ लागतात. पुढच्या खेपेस ती गृहिणी आपण होऊन नळाखाली उभी असते.

हा चित्रवहीचा वर्ग त्यांनी निवृत्तीनंतर सुरू केला. नव्या पिढीतील मुली चित्रवहीला आर्ट जर्नल म्हणतात. या वहीत रंग, कागदाचे कपटे, कापडाच्या चिंध्या, लग्नपत्रिकेचा एखादा तुकडा आणि स्वतःचे चार शब्द, सारे एकाच पानावर थरांनी बसविलेले असते. सर्वांत खाली असते ती छापाने केलेली खडबडीत भूमी. भिंतीची पुट्टी डिंकात कालवायची, छापावरून उलथन्याने ओढायची आणि छाप अलगद उचलायचा. आकृती उठावात उभी राहते. पत्र्याऐवजी आता हमीदाबाई जुन्या एक्स-रेच्या फिल्म वापरतात. सोड्याच्या कोमट पाण्यात बुडविल्या की त्यांचा काळेपणा सुटतो आणि स्वच्छ पारदर्शक पत्रा हाती येतो.

आता त्यांच्या ऋणाविषयी लिहितो. माझ्या पत्नी सुमनबाई यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. वैद्य म्हणत, हातात जीव आहे, तो वापरला पाहिजे. परंतु ज्या हाताने जन्मभर दारात रांगोळी घातली, त्या हाताची वेडीवाकडी रेघ त्यांना पाहवेना. तो हात त्यांनी पदराखाली घेतला आणि तेथेच ठेवला. न वापरलेला हात कायमचा जाईल, ही चिंता आम्हां सर्वांना होती. समजावणे, रागावणे, आर्जवे, सारे झाले. मी प्रवचनांतून लोकांना धीर देत असे. घरात माझे शब्द चालले नाहीत.

हे हमीदाबाईंच्या कानी गेले. त्यांचा वर्ग तेव्हा बारामतीत एका भाड्याच्या खोलीत भरत असे. त्या खोलीत उजेड कमी पडतो, असे सांगून त्यांनी बारामतीलगतच्या जळोचीतील आमची पडवी मागितली. खोली चांगली उजेडाची होती, हे मला मागाहून समजले. इंदापूरहून एसटीने बारामतीस उतरून त्या नेमाने आमच्याकडे येऊ लागल्या. जाताना एकदा त्यांनी झटक्यानंतर काढलेल्या पत्नीच्या तपासणीच्या फिल्म मागून नेल्या. त्या फिल्मकडे पाहण्याचे बळ घरात कोणालाच नव्हते.

पत्नीचे माहेर पळसदेव. उजनी धरणाचे पाणी उतरले की तेथील बुडालेले जुने देऊळ उघडे पडते. त्या उन्हाळ्यात हमीदाबाई तेथे जाऊन आल्या. देवळाच्या दगडातील एक फूल त्यांनी कागदावर पेन्सिल घासून उतरवून घेतले आणि त्याच फिल्ममधून कापले. तो छाप हमीदाबाईंनी पानावर धरला आणि वर्गात येऊन बसू लागलेल्या पत्नीने डाव्या हाताने पुट्टी ओढली. फूल उठले. माहेरच्या देवळावर लहानपणी हात फिरविलेले ते फूल त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

पुढची पायरी त्यावर दुसरा थर देण्याची. तेथे त्या अडल्या. “एकदा पाण्यानं झाकलंय ह्ये,” त्या म्हणाल्या. “पुन्यांदा मी न्हाय झाकणार.”

हमीदाबाईंनी आग्रह केला नाही. ते पान तसेच उन्हात वाळू दिले.

पुढच्या वर्गात त्यांनी पत्नीशेजारी बसून एका पाटावर पातळ पुट्टी पसरली आणि सहज विचारले, “वहिनी, आई अंगण सारवायची तेव्हा बोटांची कमान उठायची बघा. ती कशी काढायची? माझ्या हाताला येईना.” आणि त्या पाटावर पंजा आपटू लागल्या.

पत्नीने थोडा वेळ सोसले. मग म्हणाल्या, “भाकरी थापतीस का काय, बाई? असं सारवत्यात व्हय? सरक जरा तिकडं.”

पदराखालचा हात बाहेर आला. पुट्टीत टेकला आणि मनगटापासून वळला. एक कमान उठली; वाकडी, पण कमान. तिच्याशेजारी दुसरी. हमीदाबाईंनी पत्नीच्या हाताला स्पर्श न करता पाट बाजूला केला आणि फुलाचे पान तेथे सरकविले. पुट्टीने माखलेला हात तसाच त्यावरून फिरत गेला. अर्धे फूल झाकले गेले तेव्हा पत्नीच्या ध्यानात आले. त्या थांबल्या. बोटांनी ओल्या थरावरून चाचपले.

“हितंच हाय की,” त्या म्हणाल्या. “लागतंय हाताला.”

“सारवण आहे ते, वहिनी,” हमीदाबाई म्हणाल्या. “रांगोळीखालचं सारवण काय जातं व्हय कुठं?”

वेदान्तात ज्याला अधिष्ठान म्हणतात, त्यावर मी अनेक वर्षे बोललो आहे: जे स्वतः झाकले जाते आणि वरच्या सर्वांना आधार देते ते. त्याला इतका घरगुती शब्द सापडेल, असे वाटले नव्हते. त्या दिवसापासून आमच्या पडवीत कोणी पार्श्वभूमी म्हणत नाही, बॅकग्राउंडही म्हणत नाही. नव्या आलेल्या विद्यार्थिनीला जुन्या बायकाच सांगतात, आधी सारवण करा. पत्नीचा हात पूर्ववत झालेला नाही. तो होईल असेही कोणी म्हटलेले नाही. तो पदराखाली मात्र नसतो. दारातली रांगोळी आता छाप धरून घातली जाते आणि मग हाताआधी छाप धुतला जातो.

हमीदाबाईंच्या एकसष्टीनिमित्त हा गौरवग्रंथ निघत आहे. संपादकांनी मुखपृष्ठासाठी पत्नीकडे एक पान मागितले, त्यावर हमीदाबाईंचे नाव छापायचे होते. पानभर तेच फूल आहे. मी भीतभीतच विचारले, यावर अक्षरे येतील, फूल झाकले जाईल, चालेल ना? त्या उजव्या हातानेच पान माझ्याकडे सरकवीत म्हणाल्या, “सारवण हाय ते. बाईंचं नाव त्याच्यावरच शोभंल.”

ईश्वर, ज्याला हमीदाबाई आपल्या नावाने आळवितात आणि मी माझ्या, तो त्यांना निरामय दीर्घायुष्य देवो. त्यांची नजर आणि त्यांचे हात शतायुषी होवोत. वयाच्या अधिकाराने मी आशीर्वाद देतो. आणि जळोचीची पडवी त्यांच्या येण्याच्या दिवशी सकाळपासून झाडून तयार असते, हेही येथे नमूद करतो.