लवूची सुरगाठ

कुवारबावचा केरू वायरमन तालुक्यात दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. बंद पडलेल्या गाडीजवळ तो तासभर एक शब्द न बोलता बसे, आणि मग गाडीच्या मालकाशी दोन तास भांडे. वायर कोणी तोडली, जोड कोणी दिला, टेप कुठल्या गाढवानं गुंडाळली, याचा निकाल लागल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. साठी आली, जाड भिंगांचा चष्मा आला, पण चूक कोणाची हे ठरवण्याची खोड काही सुटली नाही. त्या खोडीपायीच त्यानं लवू गमावला.

लवू पूर्णगडचा, केरूचा तीस वर्षांचा जोडीदार. इंजिन लवूचं, वायर केरूची, अशी सरळ वाटणी. लवूचं घराणं मच्छीमारांचं. तो होडी सोडून गॅरेजात आला, पण खिशातलं जाळ्याच्या दोऱ्याचं रीळ काही सोडलं नाही. इंजिन उतरवताना प्रत्येक वायरीला तो त्या दोऱ्याची गाठ मारून ठेवायचा. चिठ्ठ्या चिकटव की मेल्या, म्हणून केरू ओरडायचा. ऑइलच्या हातात चिठ्ठी टिकते होय, म्हणून लवू हसायचा. होता होता त्या गाठींची दोघांत भाषाच झाली. जोड पुरा झाला, तपासला, की वर निरगाठ. ती कोणी सोडायची नाही. जिथं लवूला शंका असेल, मीटर लावून बघायचं असेल, तिथं सुरगाठ. सुरगाठ म्हणजे, केरू, हे तुझं काम. केरू एका ओढीत ती सोडायचा, काम उरकायचा आणि गाडीखालून दोरा धरलेला हात बाहेर काढून म्हणायचा, "लवू, बांध." मग लवू निरगाठ मारायचा. तीस वर्षांत केरू स्वतः ती गाठ शिकला नाही. बांधणारा शेजारी असताना शिकायचं कशाला?

मग लवूचे हात कापायला लागले. आधी चहाचा कप बशीत वाजायचा, पुढं पाना नटावर बसेना. श्रावणात एका जीपच्या वायरिंगमधून धूर निघाला. कोणाच्या हातून काय झालं हे न बघताच केरूनं चार गिऱ्हाइकांदेखत लवूला म्हटलं, "तुझे हात गेले आता. उद्यापासून येव नको."

लवूनं सगळे पाने एकेक करून पुसले, पेटीत ठेवले, पेटी तिथंच सोडली आणि तो एसटी पकडून घरी गेला. केरूला वाटलं, दोन दिवसांत येईल. लवूला वाटलं असेल, दोन दिवसांत बोलावील. एकाहून एक हट्टी दोघेही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात लवूच्या मुलीचा, दीप्तीचा फोन आला. दीप्ती पावसच्या शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी रिक्षा उलटून तिचा उजवा हात मोडला होता आणि आत सळी बसवावी लागली होती. त्या हातानं लिहिता येई, पण जोर लावता येत नसे, आणि भरलेल्या एसटीत दांडा धरून उभं राहणं तर नाहीच. तिच्यासाठी लवूनं बसलेल्या इंजिनाची एक जुनी गाडी आणली होती आणि अंगणात तीन वाशांच्या तिकाटण्याला साखळी लावून तिच्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन चढवत होता. बाबा म्हणतायत, काकांनी एकदा येऊन जावं, एवढाच दीप्तीचा निरोप होता. त्याला स्वतः फोन करता येत नाही काय, असं केरूच्या ओठांवर आलं. ते गिळून त्यानं कामाची गर्दी सांगितली. गणपती होऊ देत, मग बघू, म्हणाला.

गणपती झाले. विसर्जनानंतर सातव्या दिवशी लवूच्या छातीत कळ आली आणि रत्नागिरीला नेताना वाटेतच तो गेला. केरू पोचला तेव्हा सरण पेटलेलं होतं.

पुढं दीड महिन्यानं दीप्तीचा पुन्हा फोन. इंजिन छान चालू होतं, पण स्टिअरिंग दगडासारखं जड आहे. गावातला मिस्त्री म्हणतो, तुझ्या बाबांनी थरथरत्या हातांनी सगळं वायरिंग घोळून ठेवलंय, भंगारात द्या. "काका, तुम्ही बघा," ती म्हणाली. "आणि चूक बाबांची असली तर तसं स्पष्ट सांगा. हात गेले असं तुम्हीच म्हणाला होतात. ते शेवटपर्यंत म्हणत होते की काम नीट झालंय. ते स्वतःला फसवत होते का, एवढं मला कळायला हवं."

केरू सकाळीच स्कूटर घेऊन पूर्णगडला गेला. गोदावहिनींनी, लवूच्या बायकोनं, पडवीतून पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. केरूनं बॉनेट उघडलं. खरं सांगायचं तर, चूक लवूचीच निघावी असं त्याला वाटत होतं. ती निघाली असती तर श्रावणातलं आपलं बोलणं निदान खोटं तरी ठरलं नसतं.

त्यानं गाडी चालू केली. समोर स्टिअरिंगच्या चित्राचा पिवळा दिवा तसाच पेटलेला. मोठा फ्यूज शाबूत. बॅटरीचा करंट स्टिअरिंग हलकं करणाऱ्या मोटरच्या डब्यापर्यंत पुरा पोचत होता. अर्थिंग चोख. चावी फिरवल्यावर येणारी लाइनही ठीक. मग राहिले लवूनं दिलेले जोड. बारा जोड होते, बाराही जोडांवर निरगाठ. निरगाठ सोडायची नाही हा तीस वर्षांचा करार होता. केरूनं कटर काढला आणि पहिली गाठ कापली.

टेपखाली जोड सरळ, घट्ट, पंचविशीतल्या माणसानं दिल्यासारखा. दुसरा तसाच. पाचवा, नववा तसाच. केरू कापत गेला, उघडत गेला, आणि प्रत्येक चोख जोडागणिक त्याचा जीव आत आत जात होता. बारावा उघडला तेव्हा पायाशी दोऱ्याचे तुकडे साठले होते आणि चूक कुठंच नव्हती.

गोदावहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या त्याला कळलं नाही. तुकड्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "एकेक जोडाला त्यांची अख्खी सकाळ जायची. कोपर बंपरला टेकायचे न् श्वास धरून करायचे. मधीच विचारायचे, केरूची स्कूटर वाजली काय बघ."

केरू टॉर्च घेऊन पुढच्या सीटसमोर, पाय दाराबाहेर टाकून आडवा झाला आणि डॅशबोर्डखाली प्रकाश टाकला. डब्याच्या मागं, इंजिनाकडून आलेल्या दोन बारीक वायरी एकत्र घेऊन ठेवल्या होत्या. टोकांना टेप. वर जाळ्याचा हिरवा दोरा. सुरगाठ.

त्याला क्षणात सगळं कळलं. इंजिन चालू झालं ही खबर एका बारीक वायरीतून डब्याला जावी लागते. ती मिळाल्याशिवाय डबा स्टिअरिंगला मदत करत नाही, हात आखडून बसतो. दुसऱ्या इंजिनाच्या वायरींचे रंग वेगळे होते. या दोनांतली खबरीची कुठली, हे इंजिन चालू ठेवून मीटर लावल्याशिवाय सांगता येत नाही, आणि चुकीची जोडली तर डबा जळतो. लवूला हे ठाऊक होतं. हात कापतात हेही त्याला ठाऊक होतं. म्हणून बारा जोड पुरे करून तेरावा त्यानं न जोडताच केरूसाठी ठेवला, आणि मग रोज पडवीत स्कूटरच्या आवाजाची वाट बघत बसला.

केरूनं चष्मा काढला आणि त्या अरुंद जागेत, पाय अंगणात, डोकं डॅशबोर्डखाली, अशा अवस्थेत तो रडला. मोठ्यानं रडला.

शाळा सुटून दीप्ती आली तेव्हा उघडलेल्या बारा जोडांवर पुन्हा टेप गुंडाळून केरू गाडीच्या दारात बसलेला होता.

"मिळाली का चूक?" तिनं विचारलं.

"मिळाली."

"बाबांची?"

"नाय बाय. माझी." मग त्यानं तिला गाठींची गोष्ट सांगितली, हे एक काम माझ्यासाठी ठेवलं होतं, त्यानं बोलावलं आणि मी आलो नाही, हेही सांगितलं. "तुझ्या बापाचे हात गेले नव्हते. मी उगाच बोललो."

ती मग म्हणाली, "हे त्यांना ऐकायला मिळायला हवं होतं."

केरू पुन्हा डॅशबोर्डखाली आडवा झाला. दोऱ्याचं टोक बोटात धरलं, पण ओढवेना. लवूनं बांधलेलं आता जगात एवढंच सुटायचं राहिलं होतं. शेवटी ओढलं, तसा दोरा अलगद हातात आला. सुरगाठ त्यासाठीच असते. दीप्तीनं गाडी चालू केली, त्यानं मीटर लावला. डावीकडची वायर खबरीची. गाडी बंद करवून त्यानं ती जोडली, टेप गुंडाळली, आणि सवयीनं दोरा धरलेला हात बाहेर काढून तो म्हणाला, "लवू, बांध."

हात हवेत तसाच राहिला. आपण काय बोललो हे कळल्यावरही त्याला तो मागं घेता येईना.

दीप्तीनं दोरा घेतला. ती खाली बसली, आत वाकली आणि बापानं लहानपणी शिकवलेली निरगाठ तिनं त्या जोडावर घातली. पण घट्ट ओढायला तिच्या हातात जोर नव्हता. मग एक टोक तिनं धरलं, एक केरूनं, आणि दोघांनी मिळून ती आवळली. तिनं पुन्हा गाडी चालू केली, तसा पिवळा दिवा विझला. दीप्तीनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि चाकं अंगणातल्या तांबड्या मातीवर सहज वळली.

केरू लगेच घरी निघाला नाही. बॉनेटपुढं पडलेले बारा तुकडे त्यानं गोळा केले, रुमालात बांधले आणि बाकीच्या बारा जोडांवर गाठी कशा मारायच्या ते मला शिकव, म्हणून दीप्तीला विनवलं.