आमच्या व्याह्यांची भिंत

अख्ख्या एमिरातीत सूर्याला दमात घेणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. मी चौथीपर्यंत शिकलेला. नापास नव्हतो, शाळा मीच सोडली. शारजात चाळीस वर्षं गाड्यांची इंजिनं उघडली. मला कुणी अक्कल शिकवलेली खपत नाही, आणि या गृहस्थांना मी शिकवलेली खपत नाही.

धैदजवळ एका अरबाची शेती हे, विहीणबाई आणि त्यांचा धाकटा मुलगा मिळून तीस वर्षं सांभाळतात. मूळचे रायगडचे, त्यामुळे पेरणी जूनमध्येच, हे डोक्यात पक्कं. इथे जूनमध्ये गार पाण्याच्या नळाने हात भाजतो. दोन वर्षं पेरलं, दोन्ही वर्षं जळालं. दुसऱ्या कुणी पेरणीची वेळ बदलली असती. यांनी महिनाच बदलला. ऑक्टोबरात ऊन उतरलं की हे भिंतीवरच्या कॅलेंडरचं जूनचं पान वर काढतात आणि विहीणबाईंना सांगतात, "अगं, मृग लागला, बियाणं काढ." तेव्हापासून त्यांची भिंत जगाच्या चार महिने मागे आहे. खऱ्या जूनमध्ये शेत उजाड, फक्त खजूर पिकत असतात, आणि हे पंख्याखाली बनियनवर बसून म्हणतात, "यंदा थंडी जरा कमीच आहे." मी दर खेपेला जाऊन पान बरोबर करतो. माझी गाडी फाटकाबाहेर पडली की ते पुन्हा मागे. अशी वीस वर्षं चालली आहेत.

आमची दोघांची मिळून एकच नात. शारजातल्या अल मजाजमध्ये वाढली, आपण मराठीत विचारायचं, ती इंग्रजीत सांगणार. ती जानेवारीअखेर शिकायला जर्मनीला निघाली. व्याह्यांनी जाहीर केलं, "पोरगी माझ्या वालाची पोपटी खाऊनच जाईल." पोपटी म्हणजे मडक्यात पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ भरून मडकं उलटं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आम्ही रत्नागिरीकर शेंगा सरळ पातेल्यात उकडतो आणि वेळेवर झोपतो.

पण पहिली पेरणी किड्यांनी खाल्ली. दुसरी उशिरा झाली. निघायच्या आदल्या शनिवारी शेंगा कागदासारख्या चपट्या.

"बाजारातून आणा की," मी म्हणालो.

"तुम्ही इंजिनात कधी गोडंतेल ओतलंत का?"

त्यांनी हट्टाने त्याच चपट्या शेंगा मडक्यात भरायला घेतल्या. ते जाळासाठी खजुराच्या झावळ्या आणायला गेले, तेवढ्यात मी गाडीच्या सीटखालून बाजारच्या दोन किलो शेंगा काढल्या आणि मडक्यात कोंबल्या. विहीणबाईंनी पाहिलं, पाठ फिरवली. "मी काही बघितलं नाही, भाऊ. वरून ओवा घाला."

जाळ झाला. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं. शेंगा बाहेर आल्या. पोरीने बोटं चाटली. "आजोबा, सो गुड! धिस इज फ्रॉम युवर फार्म?"

व्याह्यांनी एक शेंग सोलली. आत टपोरे दाणे. एक तोंडात टाकला, माझ्याकडे बघितलं. हा माणूस पिकाबद्दल मालकाशीसुद्धा कधी खोटं बोललेला नाही. मी पाल्यात शेंगा शोधायला लागलो.

"हो बाळा," ते म्हणाले. "आपल्याच शेतातल्या."

मी परत निघताना व्याही गाडीशी येऊन पुटपुटले, "फ्रीजचा वास येतो तुमच्या शेंगांना."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"शेंगा भरेपर्यंत तिचं विमान थांबणार होतं का?"

मार्चमध्ये त्यांच्या शेंगा भरल्या. फोन फक्त मला आला. आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी पोपटी लावली. मडकं नेहमीचंच, पण दोघांना फार मोठं. शेंगा त्यांच्याच सरस होत्या, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. उठताना सवयीने माझा हात कॅलेंडरकडे गेला. गेल्या सालचं कॅलेंडर, नोव्हेंबरचं पान. त्या भिंतीवर जानेवारी अजून यायचा होता. पोरगी अजून गेली नव्हती.

व्याही पाठमोरे, मोरीशी हात धूत होते. धुऊन झाले तरी धूतच होते.

"काय, आज पान नाही बदलणार?"

"चष्मा विसरलो," मी म्हणालो, आणि खिशातला चष्मा मुठीत दाबून धरला.