सापाची पेटी आणि मालकिणीचा फ्यूज

साप दूध पीत नाही, हे मला वाचायला येण्याआधीपासून पाठ होतं. वडील छापखान्यात जुळारी होते आणि फावल्या वेळात स्वतःची पत्रकं छापायचे. नागपंचमीला ती पत्रकं बाजारात वाटायचं काम माझ्याकडे असे. साप पुंगीवर डोलत नाही, डूख धरत नाही, त्याच्या डोक्यात मणी नसतो. लोक पत्रक हसत घ्यायचे आणि त्यातच लाह्या बांधून न्यायचे. मला त्याचा फार राग यायचा.

साठ सालानंतर मी इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीत कोलोनला आलो. दुसऱ्या वर्षी, थंडीच्या तोंडावर, प्राण्यांच्या एका दुकानात मला बोआचं, म्हणजे अजगरासारख्या बिनविषारी सापाचं, पिल्लू दिसलं. हातभर लांब, जाड दोरीएवढं. ज्या प्राण्याची बाजू घेऊन मी लहानपणी गावभर भांडलो, तो मी कधी हातातसुद्धा घेतला नव्हता. मी ते पिल्लू विकत घेतलं. खोलीवर आणल्यावर लक्षात आलं की आमच्या पत्रकांत साप काय करत नाही एवढंच असायचं. त्याला काय लागतं, ते आम्ही कधी छापलंच नव्हतं.

त्याला ऊब लागत होती. दुकानदाराने बजावलं होतं की पेटीची एक बाजू तीस अंशांच्या आसपास ठेवा आणि दुसरी थंड, म्हणजे पिल्लू आपल्याला हवी ती जागा निवडेल. मी फळ्यांची पेटी केली, पुढे काच लावली आणि एका टोकाला आत दिवा सोडला. पिल्लाने सरळ त्या दिव्यालाच विळखा घातला. पोटाखालचे खवले करपले, आणि तरीही ते तिथून हलेना. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग दिव्याभोवती जाळीचा पिंजरा बसवला, दोन्ही टोकांना थर्मामीटर लावले. संध्याकाळी वर्गावरून आलो की बघायचो, आकडे अगदी हवे तसे. तरी पिल्लाने उंदीर गिळला की दोन दिवसांनी ते तो तसाच ओकून टाकायचं.

मी तारा तपासल्या, होल्डर बदलला, जास्त वॅटचा दिवा लावून पाहिला. विजेचाच अभ्यास करणारा माणूस मी, आणि एक दिवा मला जमत नव्हता. दुकानदार म्हणाला की गार पडलेल्या सापाच्या पोटात अन्न सडतं, पेटी नक्की कधीतरी गार होत असणार. आता महिनाभर उपाशी ठेवा, मग अगदी छोटा उंदीर द्या, आणि तोही ओकला तर हे पिल्लू काही जगत नाही. मी त्याच्याशीही भांडलो. पेटी गार होत नाही, मी रोज आकडे बघतो, असं तावातावाने सांगितलं.

मग एका सकाळी प्राध्यापक आजारी म्हणून वर्ग झाला नाही आणि मी लवकर परतलो. खोली बर्फासारखी गार, दिवा बंद, पिल्लू थंड टोकाला नव्हे तर दिव्याच्या जाळीला चिकटून पडलेलं. मी बटण खालीवर केलं, दिवा बदलला, शिव्या दिल्या. दुपारी घरमालकीण कामावरून आली. पॅसेजमध्ये काहीतरी फिरवल्याचा आवाज झाला आणि माझ्या हातातल्या होल्डरमधला दिवा लागला.

मी बाहेर गेलो. ती फ्यूजच्या फळीसमोर उभी होती. घरात कुणी नसलं की ती माझ्या खोलीचा फ्यूज काढून पर्समध्ये घालून जात होती, आणि आल्यावर परत बसवत होती. रोज. मला न सांगता.

मी जे बोललो ते एका पत्रकाला पुरलं असतं. भाडेकरूचे हक्क, मालकीहक्काचा माज, दुसऱ्याच्या जीवाशी खेळ. माझं जर्मन अशा वेळी फार छान चालायचं. ती कोट न काढता ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे घर एकदा जळलंय. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघितलंय. घरात माणूस नसताना इथे काहीही तापत राहणार नाही. तुमचा साप नाही, माझी इस्त्रीसुद्धा नाही."

मी म्हणालो की दिव्याला जाळी आहे, तारा नव्या आहेत, धोका नाही.

"परवापर्यंत तुम्ही मलाही एवढ्याच खात्रीने सांगत होतात, पेटी गार होत नाही म्हणून," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

 दुसरी खोली शोधायला निघालो, तर भारतीय विद्यार्थी म्हटल्यावरच दारं बंद होत होती. पुढे सापाचं नाव काढायची वेळच येत नव्हती. खोलीतली कोळशाची शेगडी निघताना विझवावीच लागे, आणि दहा वाजेपर्यंत खोली गार. उपासाचा महिना संपत आला होता. पिल्लाच्या पाठीचा कणा वरून दिसायला लागला होता.

रविवारी मी एका पुणेकर जोडप्याकडे जेवायला जायचो. तो रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होता, दोघं एकाच खोलीत राहायची आणि स्वयंपाकाला एकच विजेची शेगडी होती. मी मालकिणीच्या नावाने बोटं मोडत बसलो होतो. वहिनींनी आमटी उतरवली आणि पलंगावरच्या पिसांच्या दुलईत हात घालून भाताचं पातेलं बाहेर काढलं. सकाळी अर्धा शिजवून, कागदात गुंडाळून त्यांनी तो तिथे ठेवला होता. झाकण काढलं तर वाफ.

मी बोलायचा थांबलो. पातेल्याला हात लावला तर चटका बसला.

"काय भाऊजी, क्रांती आटोपली का?" वहिनी म्हणाल्या. "की भातावर पण पत्रक काढताय?"

मी त्यांना विचारलं, किती वेळ गरम राहतं? त्या म्हणाल्या, सकाळी ठेवलेलं संध्याकाळी खाता येतं, फक्त मध्ये उघडून बघायचं नाही.

मी त्या आठवड्यात नवी पेटी केली. एका टोकाखाली खण ठेवला आणि त्यात बसेल अशी गरम पाण्याची पत्र्याची बाटली आणली. बाटली आणि सापाच्या मध्ये जाड फळी, म्हणजे पोट भाजायला नको. बाहेरून तीन बाजूंना जुनी दुलई, हवेची भोकं तेवढी मोकळी, दुसरं टोक उघडं. सकाळी निघताना उकळतं पाणी भरायचं. जाळीतला दिवा फक्त घरात माणूस असताना. एक दिवस वर्ग बुडवून दर तासाला आकडे पाहिले. गरम टोक हळूहळू उतरत गेलं, पण मालकीण परत येईपर्यंत धोक्याच्या आकड्याखाली गेलं नाही.

मग छोटा उंदीर दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. तिसऱ्या दिवशीही पेटीत ओकलेलं काही नव्हतं, फुगवटा शेपटीकडे सरकलेला होता, आणि पिल्लू पहिल्यांदाच गरम टोक सोडून मधोमध पसरलं होतं.

मला आनंद झाला, पण राग गेला नाही. न सांगता फ्यूज काढणं चूकच होतं, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. तिचं म्हणणंही खोटं नव्हतं, आणि या दोन गोष्टी एकाच पत्रकात कशा बसवायच्या ते मला येत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी बाटलीत पाणी ओतत असताना दारावर टकटक झाली. ती कोट घालून उभी होती. पेटीकडे तिने पाहिलं नाही.

"मी निघतेय. फ्यूज काढू?"

"काढा," मी म्हणालो, आणि बाटलीचं झाकण घट्ट पिळलं.