मल्लम्माच्या घराचा फोटो

सरकारी मदतीच्या कामावर एक हंगाम काढला की किस्से शोधत फिरावं लागत नाही, तेच आपल्याला गाठतात. सकाळी तळ्यावर फिरायला येणारी आमची मंडळी बाकावर टेकली की म्हणतात, "सर, काल राहिलेला सांगा." मी सांगतो, ते हसतात. घरी परतताना मात्र मनात येतं, यातल्या किती कागदांवर सही माझी होती?

चाळीस वर्षं मी इंजिनिअरिंगच्या मुलांना भिंती उभ्या का राहतात ते शिकवलं. डॉक्टरेटही त्यातलीच. त्या भांडवलावर निवृत्तीनंतर मला पूरनुकसान पडताळणीच्या समितीवर तज्ज्ञ म्हणून घेतलं. समिती म्हणजे प्रत्यक्षात एक जीप, तलाठी कोळेकर, ड्रायव्हर इस्माईल आणि मी.

*

पहिल्याच आठवड्यात दुधनीकडच्या एका गावात मल्लम्मा भेटली. साठीची, एकटी, कानडी वळणाचं मराठी बोलणारी. तिचं घर ओढ्याकाठी होतं. पूर आला आणि दगड, माती, दार, सगळं घेऊन गेला. आम्ही पोचलो तेव्हा तिथं गुळगुळीत गाळ होता. ती शाळेच्या व्हरांड्यात झोपत होती, आणि दिवाळीनंतर शाळा उघडणार होती.

मी आयुष्यभर अचूक लिहीत आलो. फॉर्मवर अचूक लिहिलं : "तपासणीच्या दिवशी जागेवर कोणतेही बांधकाम आढळले नाही."

फाइल परत आली. शेरा होता, बांधकाम नाही, सबब पडझड नाही.

मल्लम्माला हे समजावून सांगताना माझीच जीभ अडखळत होती. ती शांतपणे म्हणाली, "यप्पा, घर न्हाय म्हनूनच तर अर्ज केला की."

कोळेकरांनी तिला नियम सांगितला. "आजी, फोटोत पडलेलं काहीतरी दिसलं पाहिजे. आणि दुसऱ्याची भिंत चालणार नाही, मोबाईलमधलं अ‍ॅप जागा ओळखतं. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे."

शेजारच्या गल्लीत एकाचा जुना गोठा पुराआधीच पडलेला होता. त्याचे चार बाजूंनी चार फोटो होते. ती फाइल दोन दिवसांत मंजूर झाली. त्यावरही सही माझीच. फोटोत पडझड स्पष्ट दिसत होती.

*

पुढच्या आठवड्यात सोलापूर शहरात, पूर्वभागात गेलो. नाल्याचं पाणी शिरून तिथल्या विणकरांचे माग भिजले होते. मदतीचा ट्रक येऊन गेला होता आणि घरोघर चादरी वाटल्या होत्या. वेष्टनाच्या कागदावर लिहिलं होतं, अस्सल सोलापुरी. ट्रक आला होता परराज्यातून.

नरसय्या नावाचे एक म्हातारे विणकर होते. जन्मभर चादरीच विणलेल्या. मिळालेल्या चादरीचं टोक त्यांनी दोन बोटांत धरून चोळलं, उजेडाकडे धरलं आणि घडी घालून माझ्या हातात दिली.

"सर, ही चादर नाही. चादरीची झेरॉक्स आहे."

मी कोळेकरांना म्हटलं, हे शेऱ्यात घ्या. ते म्हणाले, "सर, शेऱ्याला जागाच नाही. प्रश्न एकच आहे. चादर मिळाली का? हो किंवा नाही."

मिळाली तर होती. मी 'हो' लिहिलं. अजून कळत नाही, दुसरं काय लिहायला हवं होतं.

*

नीरेकाठच्या एका गावासाठी पूर्वीच रबरी बोट घेतलेली होती. पूर आला त्या दिवशी ती गोदामात, गोदामाला कुलूप, आणि किल्ली ज्या क्लार्ककडे, तो पाण्याच्या पलीकडे अडकलेला. किल्ली आणायची तर बोट हवी होती.

लोकांनी गुऱ्हाळातली उसाचा रस आटवायची मोठी काहील पाण्यात सोडली आणि सतरा माणसं, दोन शेळ्या बाहेर काढल्या. काहिलीचं बिल कुणी लावलं नाही. बोटीच्या इंधनाचं लागलं, तीन दिवसांचं.

मी क्लार्कला विचारलं, "अहो, बोट तर कुलपात होती?"

"स्टँडबायला होती सर. इंजिन चालू ठेवून."

इस्माईल जीपशी उभा राहून ऐकत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "साब, अंदर किसने चालू किया, पूछना था ना." खरंच, मला सुचलंच नाही. मला योग्य प्रश्न नेहमी गाडीत बसल्यावरच सुचतात.

*

नुकसानीच्या फाइलींबरोबर एक जुनं बिलही आमच्याकडे आलं. सीमेवर तणाव होता त्या काळातलं. एका कचेरीच्या दाराशी संरक्षणासाठी वाळूची पोती रचायचा हुकूम निघाला होता. वाळूउपशाला तेव्हा बंदी. पण कचेरीच्या मागेच, चोरट्या ट्रकांतून पकडलेल्या वाळूचा ढीग होता. ठेकेदारानं तीच पोत्यात भरली आणि पुढच्या दाराशी रचली. बिलात वाहतूक चाळीस किलोमीटर.

मी बोलावून विचारलं. ठेकेदार अगदी अदबीनं म्हणाला, "सर, मागच्या दारानं ट्रक सरळ पुढं येत न्हाय. वळसा पडतो."

"चाळीस किलोमीटरचा?"

"युद्धाची वेळ होती की सर. लांबनंच आणायला पायजे."

या बिलावर मी सही केली नाही. दोन दिवस स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी कळलं, बिल आधीच निघालं होतं. आमच्याकडे फक्त माहितीसाठी आलं होतं.

*

मुदत संपायला दोन दिवस उरले असताना कोळेकरांना मल्लम्माचा फोन आला. "साहेब, या. पडझड दाकवते."

आम्ही गेलो. गाळ होता त्या जागेवर भिंत उभी होती. छातीइतकी उंच, दगडमातीची. भावाला दुधनीहून बोलावून, शेजाऱ्यांचे दगड मागून तिनं ती चार दिवसांत बांधली होती. मी सवयीनं एक डोळा मिटून पाहिलं. ओळंब्यात होती.

"कुटल्या अंगानं पाडू, सर?" तिनं विचारलं. "तुमाला म्हाईत. पुरानं कशी पडली आसती?"

खोट्या गोष्टीला ज्ञान वापरायचं नाही, असं मी मुलांना दर वर्षी सांगत असे. शाळेच्या व्हरांड्यात तिची वळकटी मी येताना पाहिली होती.

"ओढ्याकडून ढकला," मी म्हटलं. "आधी तळातले दोन दगड काढा."

भावानं दगड काढले. भिंत पुराचं पाणी लागून पडावी तशीच पडली. मल्लम्मा तिच्यापुढे उभी राहिली, कोळेकरांनी फोटो घेतला, अ‍ॅपनं जागा ओळखली. मी फॉर्मवर 'पूर्ण पडझड' लिहिलं आणि सही केली. आठवड्यात मंजुरी आली.

पण त्या दिवशी, निघताना, ढिगाऱ्यात एक तुकडा अखंड दिसला. त्यात हातभर चौकोनी कोनाडा होता, आतून नीट सारवलेला.

"पाडायच्या भिंतीत कोनाडा कशाला केलात?" मी विचारलं.

मल्लम्मा हाताची माती झटकत होती. म्हणाली, "भिंत म्हटल्यावर दिवा ठिवायला जागा नको व्हय, सर?"