तिसऱ्या मजल्यावरचं बोलावणं

हवानाच्या जुन्या गल्लीतून आम्ही बावीस सहप्रवासी गाइडच्या मागे चाललो होतो, तेवढ्यात वरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. पाववाल्याने तिच्यात दोन पाव ठेवले. वर पाहिलं, तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माझ्याच वयाची एक बाई दोरी ओढत होती. मी हात हलवला. तिने हसून काहीतरी म्हटलं.

"तुम्हाला कॉफीला वर बोलावतेय," गाइड म्हणाली. "गुडघ्यांमुळे दोन वर्षांत ती खाली उतरलेली नाही."

चार दिवस आम्हाला क्यूबाची संस्कृती वेळापत्रकाप्रमाणे मिळत होती. तासभर नाच, अर्धा तास सिगारचा कारखाना. घरी मात्र कुणीच बोलावलं नव्हतं.

"जाऊ का?" मी आमच्या टूर मॅनेजरला विचारलं.

"काकू, गल्लीच्या तोंडाशी बस उभी आहे. एकासाठी सगळ्यांना कसं थांबवायचं?"

त्याचं बरोबरच होतं. आयुष्यभर मला अडवणाऱ्या प्रत्येकाचं असंच बरोबर असायचं. म्हणून तर कधी कुणाशी भांडताही आलं नाही.

मी वर बघून हात जोडले, मानेनेच नाही म्हटलं. ती कठड्यावरून वाकली आणि माझ्या पायांकडे बोट दाखवून काही बोलली. गाइड सांगायला कचरत होती. मी आग्रह केला, तेव्हा म्हणाली, "ती विचारतेय, तुमचे गुडघे तर चांगले आहेत ना?"

"चांगले आहेत म्हणावं," मी म्हटलं आणि बसच्या पायऱ्या चढले.