लाल झालेलं नाव

मुलांनो, काल वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका घरात शिरला. नंदुरबारला या दिवसांत दारं लावूनही तो अडत नाही. गच्चीवरून त्या लाल पथाऱ्या पाहिल्या की मला कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावरचं एक लाल नाव आठवतं.

तुमच्या पणजीच्या जात्यावरच्या ओव्या तुमच्या बाबांनी मोठ्या डिस्कवर साठवल्या होत्या. आम्हाला लावायला सोपं जावं म्हणून घरच्या फोल्डरमध्ये ‘ओव्या’ नावाची सिंबॉलिक लिंक करून दिली होती. तुमच्या आजोबांना वाटलं, गाणी दोनदा आहेत. “एकच गाणं दोन जागावर कसाले ठेवानं?” म्हणत त्यांनी डिस्कवरची पुसून टाकली.

संध्याकाळी ओव्या वाजेनात. बाबांनी फोनवर सांगितलं तशी मी ‘एलएस -एल’ ही फोल्डरमधली यादी दाखवणारी आज्ञा दिली. आधी ‘ओव्या’, मग बाण, बाणापुढे डिस्कवरची जागा, नाव आणि जागा दोन्ही लाल, म्हणजे लिंक तुटलेली.

“आई, लिंकमध्ये गाणी नसतात गं. फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावर आता काही नाही,” तुमचे बाबा फोनवरून म्हणाले.

मी ते आजोबांना समजावलं. ते पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “नाव दिखी ऱ्हायनं ना! परत लाव.” मी परत लावलं. त्यांच्या आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

तेव्हा मला तो हट्ट वाटला. परवा टपालवाल्याने दारात आजोबांच्या नावानं हाक मारली. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, “अहो, तुमचं टपाल आलंय.”